गेल्या का भोरड्या?

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या ईटमध्ये हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. विचारणाऱ्याला पाखरांचं कौतुक असेलच असं नाही. ज्याचा शाळू अजून रानात उभा आहे तो धास्तीने विचारतो. ज्याची काढणी उरकून कणसं खळ्यावर आली आहेत तो गंमत म्हणून विचारतो. आणि आम्ही काही रिकामटेकडे वहीत लिहायचं म्हणून विचारतो. उत्तर सगळ्यांना एकच मिळतं, "काल तर व्हत्या की."

काल होत्या. आज सकाळपासून दिसल्या नाहीत. म्हणून गेल्या म्हणावं, तर चार दिवसांनी ओढ्याकाठच्या पळसावर पुन्हा शेपन्नास जणींचा गलका. मग वहीतली तारीख खोडायची आणि वाट बघायची.

येण्याचं असं नसतं. पावसाळ्याच्या मध्यावर, पोळ्याच्या आगेमागे, भोरडी पहिल्यांदा दिसली की दिसली. तो दिवस पक्का, त्याला साक्षीदार असतो, त्यावरून पैजाही लागतात. शेवटच्या दिवसाला साक्षीदार नसतो, कारण तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. ते पुढे पंधरा दिवसांनी लक्षात येतं, तोवर पक्षी पार सिंधूपलीकडे गेलेला असतो.

विलायतेतल्या पक्षीवेड्यांचा वसंत म्हणजे आगतस्वागत. बर्फ वितळतं, आफ्रिकेतून पाकोळ्या परततात, पहिली कोकीळ कोणी ऐकली यावर वर्तमानपत्रांना पत्रं जातात. आपल्याकडे याच ऋतूत पाहुणे उठतात. ऊन चाळिशीकडे सरकतं, पाझर तलाव तळाला जातात, आणि सहा-आठ महिने इथे राहिलेली पाखरं न सांगता निघून जातात. आपले पक्ष्यांचे सोहळे सगळे थंडीतले. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळेत चित्रं लागतात, भाषणं होतात. चैत्रात कोणी काही साजरं करत नाही. चैत्रात परीक्षा असतात, लग्नं असतात, जत्रा असतात, आणि दुर्बीण कपाटात गेलेली असते. मला तर वाटतं, कित्येक पक्ष्यांच्या नोंदी मार्चअखेरीला थांबतात त्या पक्षी गेल्यामुळे नव्हे. बघणारे उन्हाला भिऊन घरात बसतात म्हणून.

ईट हे भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या टेकड्यांतलं गाव. धाराशिव, बीड आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा इथून जवळ. पलीकडे खर्डा, जिथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम एकमेकांना भिडले. ऐन परतीच्या हंगामातली लढाई ती. तोफांच्या आवाजाने माळावरची किती पाखरं वेळेआधी उठली असतील याचा हिशेब कोणत्याही बखरकाराने ठेवलेला नाही. एका अंगाला कुंथलगिरीचं जैन सिद्धक्षेत्र. पाटोद्याच्या बाजूला नायगावचं मोरांचं अभयारण्य. मधे सगळा मुरमाड माळ, कुसळी गवत, हिवरं, बोरी, बाभळी, आणि आता पवनचक्क्या. परदेशी पक्षी बघायला लोक भिगवणला जातात, उजनीवर रोहितपक्ष्यांच्या रांगा बघून येतात. ईटला कोणी येत नाही. त्यामुळे इथे काय दिसतं हे आम्हीच एकमेकांना सांगायचं असतं.

सांगण्याची आमची जागा म्हणजे खव्याची भट्टी. भूम तालुका खव्याचा. पहाटे धारा निघाल्या की कॅन घेऊन माणसं भट्टीवर येतात. कढईखाली जाळ धडधडत असतो आणि भट्टीवाला लांब दांड्याचं उलथनं तळाला घासत फिरवत राहतो. हात थांबला की दूध लागलं. दूध आटेपर्यंत थांबावंच लागतं, आणि थांबलेली माणसं बोलतात. गड्याने काल ओढ्यात काय पाहिलं, रात्री मोटर चालू करायला गेलेल्याला काय ऐकू आलं, मेंढरं कुठल्या रानात बसली, ही सगळी बातमी सात वाजेपर्यंत तिथे पोचते. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी तिथे बसून साक्ष काढतात. "ऊन कुणीकडून होतं? तोंडावर की पाठीवर? बसला कशावर? शेपूट हलवीत होता का नुसता बसला होता? उडताना ओरडला का?" ज्याला नुसतं "लई भारी पाखरू व्हतं" एवढंच सांगायचं असतं तो या उलटतपासणीत गारद होतो. गुरुजींचं म्हणणं, नवल सांगायला हरकत नाही, पण आधी रोजचं सांगता आलं पाहिजे.

रोजचं सर्वांत नेमकं सांगणारी व्यक्ती मात्र भट्टीवर कधी येत नाही. ती शाळवाच्या रानात असते. ती म्हणजे गावातल्या एक काकू. त्यांनी अंगणवाडीच्या पुस्तकापलीकडे पक्ष्यांचं कुठलं पुस्तक बघितलेलं नाही. पौष-माघात कणसं भरली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणं आणि हाळ्या देणं हे त्यांचं काम. हल्ली बांधाला चमकणारी फीत बांधतात, ती वाऱ्यावर भिरभिरते आणि पाखरं दोन दिवस बुजतात. तिसऱ्या दिवशी तीच पाखरं फितीवर बसतात. त्या काकूंनी मला एकदा विचारलं, "ती पिवळ्या पोटाची चिमणी असती बगा, थव्यानं येती. थंडीत मळकी असती. आन होळी आली की काळं टोपडं घालती. का वो?"

हा भारीट. काळ्या डोक्याचा भारीट. त्याचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. हिवाळी पाहुणे उत्तरेकडून येतात असं आपण शाळेपासून घोकतो. हा पश्चिमेकडून येतो. इटली, बाल्कन देश, तुर्कस्तान, इराण हा त्याचा घरट्याचा मुलूख. तिथून आफ्रिका जवळ. त्या भागातले कित्येक प्रवासी पक्षी थंडीत आफ्रिकाच गाठतात. हा मात्र पूर्वेला वळतो आणि जवळपास सगळीच्या सगळी जात पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्वारी-बाजरीच्या रानांत येऊन उतरते. युरोपातल्या एखाद्या द्राक्षमळ्याच्या कुंपणावर जूनमध्ये गाणारा नर आमच्या काकूंची गोफण चुकवून गेलेला असू शकतो.

काकूंच्या "का वो"चं उत्तर शोधण्यात आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी आयुष्यं घातली आहेत. मेरठ, लखनौ, दिल्ली इथल्या विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांमध्ये हाच भारीट आणि त्याचा लाल डोक्याचा भाऊ वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवून अभ्यासले गेले. दिवस मोठा व्हायला लागला की या पक्ष्याच्या शरीरात फेरफार सुरू होतात. एरवी छोट्या दिवसात बेताने खाणारा पक्षी अधाशासारखा खातो, कातडीखाली चरबी साठवतो, त्याचं वजन झपाट्याने वाढतं. आणि मग रात्री त्याला झोप लागत नाही. पिंजऱ्यात दिवे मालवले की तो दांडीवरून उड्या मारतो, पंख फडफडवतो. संशोधकांनी हे नुसत्या दिव्यांच्या वेळा बदलून घडवून आणलं. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत दिवस लांबला की पाखरू निघायच्या तयारीला लागतं. म्हणजे शाळू संपतो म्हणून भारीट जातो हा आमच्याकडचा समज पुरता खरा नाही. रानात दाणा पडलेला असला तरी तो जाणार. आणि जाणार रात्री. म्हणूनच त्याला जाताना बघितलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. संध्याकाळी बोरीच्या झुडपात थवा किलबिलत असतो आणि सकाळी झुडूप मोकळं असतं.

भोरड्या दिवसाढवळ्या प्रवास करतात, तरी त्यांचंही निघणं हाती लागत नाही. पुस्तकी नाव पळसमैना, आणि ते काही उगाच नाही. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की भोरड्या शाळू सोडून फुलांतला रस प्यायला येतात. कपाळाला परागकणांचा मळवट लागलेला असतो, त्यामुळे एखादं नवखं पोर "पिवळ्या डोक्याची मैना" दिसल्याचंही सांगून जातं. या दिवसांत भोरडी जवळून बघावी. हिवाळ्यात तिचा रंग मातकट, गुलाबीवर राख टाकल्यासारखा. फाल्गुनात ती झळाळते. ही झळाळी नव्या पिसांची नसते. पिसं पावसाळा सरताना आलेली तीच असतात. प्रत्येक पिसाचं टोक मळकं, आतला भाग गुलाबी किंवा तुकतुकीत काळा. कणसांत घुसून, फांद्यांना घासून, सहा महिने ऊन खाऊन ती मळकी टोकं झिजून जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. निघायच्या वेळेला ती सर्वांत झिजलेली असते आणि सर्वांत देखणी दिसते.

तिथून ती कझाकस्तानच्या आणि आसपासच्या गवताळ मैदानांवर जाते. तिथे तिचं खाणं टोळ आणि नाकतोडे. टोळ जिकडे जास्त तिकडे वसाहत. दगडांच्या ढिगांत, फटींत हजारो घरटी. चीनमधल्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त करावा म्हणून माणसांनी तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली. एकाच पाखराला तिकडे घर बांधून देतात आणि इकडे गोफणीने हाकलतात. दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या जागी बरोबरच आहेत. पिल्लं उडती झाली की जुलैच्या सुमाराला थवे परत निघतात. वर्षातले आठ-नऊ महिने जो आपल्याकडे काढतो त्याला पाहुणा म्हणायचं, ही आपली एक रीत.

गेल्या काही वर्षांत भोरड्यांचा हिशेब बिघडला आहे. खरिपात सोयाबीनने रान व्यापलं, रब्बीत शाळवाची जागा हरभऱ्याने आणि पाणी असेल तिथे उसाने घेतली. शाळू कमी झाला की उरलेल्या पट्ट्यावर सगळा थवा कोसळतो, मग तो पट्टावाला पुढच्या वर्षी शाळू पेरत नाही. ऊस मात्र त्यांना रात्रीच्या मुक्कामाला आवडतो. दिवस मावळताना थव्यांचे ढग वळणं घेत उसात उतरतात तेव्हा रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबतात. खरं तर हे रोजचंच. तरी माणसं फोन काढतात.

फोनवरून सांगोवांगी होणाऱ्या नवलांची गंमत अशी की चैत्रातली निम्मी नवलं ही वेश बदललेली ओळखीचीच मंडळी असतात. पुण्याला नोकरी करणारा गावचा एक तरुण पाडव्याला आला होता. त्याने आटत आलेल्या तलावाच्या गाळात एक इवलासा तांबूस पक्षी टिपला आणि भट्टीवर सगळ्यांना दाखवला. कोणी म्हणालं नवीन जात, कोणी म्हणालं वादळात भरकटलेला. गुरुजींनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून चोच पाहिली, पाय पाहिले आणि म्हणाले, "टिलवा आहे. दिवाळीपासून इथंच आहे. तेव्हा पांढरा-करडा होता म्हणून तुम्ही बघितला नाही." हा टिलवा मूठभरही नसतो आणि त्याचं सासर-माहेर थेट उत्तर ध्रुवालगतच्या बर्फाळ सपाटीवर. तिथलं बर्फ वितळायला जून उजाडतो, म्हणून तो सावकाश निघतो आणि लग्नाचे कपडे इथूनच घालून जातो. पोराचा चेहरा पडला. मला वाटतं पडायला नको होता. दुर्मीळ पक्षी दिसणं हे नशीब. नेहमीचा पक्षी रंग बदलताना सापडणं ही खरी कमाई, कारण त्यासाठी तो आधी पांढरा असताना बघितलेला असावा लागतो. नसला तर निदान गुरुजी शेजारी असावे लागतात.

दूरच्या माणसाला पक्ष्याची खबर कळवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९५९ पासून सालिम अलींच्या देखरेखीखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत मोठ्या प्रमाणावर ॲल्युमिनियमची कडी घातली. कड्यावर एक क्रमांक आणि "मुंबईला कळवा" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. भरतपूरला कडी घातलेलं बदक सोव्हिएत संघातल्या कुठल्याशा शिकाऱ्याच्या हाती लागायचं आणि तिकडून खबर यायची. हजारो कडी घालावी तेव्हा मोजक्या खबरा येत. आता उपग्रह आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपुरात यंत्र बसवलेले तीन अमूर ससाणे आफ्रिकेकडे निघाले. त्यांतली अलांग नावाची मादी तेलंगणात एक रात्र काढून, महाराष्ट्रात तीनेक तास विसावून अरबी समुद्रावर झेपावली आणि साडेसहा दिवसांत केनियाला पोचली. ते तीन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. राज्यात कुठेतरी एका तारेवर किंवा वठलेल्या फांदीवर ती बसली असेल, खाली कोणी हरभरा खुरपत असेल. उपग्रहाला दिसली, खालच्या माणसाला बहुधा नाही. आणि दिसली असती तरी त्याने ते कोणाला सांगायचं?

जुन्या माणसांच्या बोलण्यात माळढोक येतो. कोणी त्याला हूम म्हणतं. मेंढरांमागे फिरताना हा मोठा पक्षी गवतातून मान वर काढायचा, असं म्हातारे सांगतात. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, त्याची मोजदाद झाली, आणि पुढे मोजायला उरला नाही इतका तो घटला. मी एका आजोबांना विचारलं, "शेवटचा कधी पाहिलात?" ते बराच वेळ आठवत राहिले. दुष्काळाच्या आधी की नंतर, थोरल्याचं लग्न झालं होतं की नव्हतं. सांगता आलं नाही. कसं सांगता येणार? ज्या सकाळी तो दिसला त्या सकाळी तो उद्याही दिसणार होता.

भोरड्यांची शेवटची तारीख शोधणारा माणूस त्यामुळे मला अगदीच रिकामटेकडा वाटत नाही. ती शोधण्याचा उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. पक्षी गेल्यावरही बघत राहायचं आणि "आज दिसला नाही" असं लिहायचं. देशभरातल्या हौशी लोकांच्या याद्यांवरून "स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स"चा २०२३ चा अहवाल तयार झाला. ९४२ जातींचा आढावा त्यात आहे आणि १७८ जाती विशेष चिंतेच्या ठरल्या आहेत. उघड्या माळाचे पक्षी फार घटले, असंही त्यात दिसतं. ही घट कळली ती पक्षी दिसल्याच्या नोंदींइतकीच न दिसल्याच्या नोंदींमुळे. जो दिसलेले सगळे पक्षी लिहितो त्याच्या यादीत जे नाही ते तिथे नव्हतं असं धरता येतं. केवळ नवलं लिहिणाऱ्याच्या यादीवरून काहीच धरता येत नाही. गुरुजी नेमकं हेच म्हणतात, फक्त त्यांना अहवालाची गरज लागत नाही.

गेल्या वैशाखात भट्टीवर वाद झाला. पवनचक्क्यांच्या माळावर एक भोवत्या दिसला होता. भोवत्ये शिकारी पक्षी; गवतावरून हातभर उंचीवर घिरट्या घालत नाकतोडे, चंडोल टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. चैत्र संपेपर्यंत ते मध्य आशियाकडे गेलेले असतात. मग वैशाखात हा कुठला? माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं तपकिरी, दोन जातींच्या तर इतक्या सारख्या की फोटो समोर असूनही जाणकार भांडतात. आमच्याकडे फोटोही धूसर. एकजण म्हणाला, पंख दुखावला असेल. गुरुजी म्हणाले, पिल्लू असेल, पहिल्या वर्षी काही जण राहतातही. तेवढ्यात दूध घालायला आलेले धनगर मामा सहज म्हणाले, "त्यो व्हय? त्यो गेल्या साली बी व्हता. त्याच बांधाला. मेंढरं खाली न्यायच्या टायमाला."

सगळे गप्प. हे खरं असेल तर त्या धूसर फोटोपेक्षा मामांचं वाक्य मोलाचं. एका तरुणाचं म्हणणं, ऐकीव गोष्ट वहीत नको. गुरुजी चिडले. "ऐकीव कशी? त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. रोज त्या माळावर तू असतोस का ते?" मग वही पुढे ओढून त्यांनी लिहिलं: भोवत्या, मादी किंवा पिल्लू, जात नक्की नाही, गेल्या वर्षीही याच ठिकाणी. आणि निरीक्षकाच्या रकान्यात लिहायला मामांना पूर्ण नाव विचारलं.

मामांनी रिकामा कॅन खाली ठेवला. "नाव कशाला? पवनचक्कीवाले बी आलते, त्यांनी बी नाव लिवून घेतलं. आजून काय आलं न्हाई."